चौथा कप्पा, सातवा आवाज

नभोवाणी केंद्राच्या तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली आहे. खोलीला खिडकी नाही. एक लोखंडी कपाट आहे, आणि आजवर जगात निघालेली प्रत्येक केबल त्या कपाटात आहे असा केंद्रात समज आहे. समज अगदीच चुकीचा नाही. कपाटाची किल्ली ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्या बाईंच्या कमरेला असते. नेमणूकपत्रात त्यांचं पद लांबलचक आहे, पण केंद्रात त्यांना केबलकाकू म्हणतात.

"आमच्या शेजारणीला सगळे खोकलेवाल्या बाई म्हणतात," काकू सांगतात. "त्यापेक्षा केबल बरी."

ध्वनिसंग्रह म्हणजे नाटकांना लागणारे आवाज. पत्र्यावरचा पाऊस, किटलीची शिटी, लाकडी जिन्यावरची पावलं, गर्दी, घोडे, दूरवर भुंकणारं कुत्रं आणि जवळ येऊन भुंकणारं तेच कुत्रं. एका तान्ह्या बाळाचं रडणं आहे. ते बाळ आता वकील आहे, आणि अजूनही नाटकांत रडतं.

काकू नोकरीला लागल्या तेव्हा हे आवाज चुंबकीय फितींवर होते. मग डिस्क आल्या. पहिली डिस्क पावाच्या लादीएवढ्या डब्यात होती आणि तिची केबल मनगटाएवढी जाड. तिच्यानंतर पट्टीसारखी चपटी केबल आली. ती यंत्रात लावताना बारीक पिना वाकायच्या, आणि काकू भुवया उपटायच्या चिमट्यानं त्या सरळ करायच्या. मग ती पट्टी जाऊन बोटाएवढी लाल केबल आली. मग कधीही पहिल्या खेपेला सरळ न बसणारी यूएसबी. मग तर डिस्क म्हणजे च्युइंगगमच्या पाकिटाएवढी वडी झाली, ती थेट यंत्राच्या पाटीवरच बसते, केबल लागतच नाही. दर खेपेला तार बारीक होत गेली आणि शेवटी नाहीशी झाली. काकूंनी मात्र जुनी एकही तार टाकली नाही. दर खेपेला आवाज जुन्या डिस्कवरून नव्या डिस्कवर जायचे, मोजणी जुळली की बातमी विभाग जुनी डिस्क घेऊन जायचा आणि पुसून वापरायचा. ही केंद्राची रीतच होती. बातमी विभागाला डिस्क कधीच पुरत नाहीत.

शेवटची हलवाहलव काकूंच्या सुनेनं केली.

सून संगणकातली. केंद्रानं नवी साठवण उभी करायला माणसं मागवली, तिनं अर्ज केला आणि तिला काम मिळालं. काकूंना हे निवड झाल्यावर कळलं. पहिल्याच दिवशी त्यांनी सुनेला जिन्यात गाठलं. "हे बघ, इथं मी तुझी सासू नाही."

"मग कोण आहात?"

"मॅडम."

"बरं मॅडम. डबा विसरलात, टेबलावर राहिला होता. मी आणलाय."

सुनेनं आणलेली पद्धत काकूंना सुरुवातीला पटली नाही. आजवर प्रत्येक आवाजाला जागा होती. अमुक डिस्क, अमुक कप्पा, कितवा आवाज. नव्या पद्धतीत जागाच नव्हती. ऑब्जेक्ट स्टोरेज म्हणतात तिला. प्रत्येक आवाज म्हणजे एक बंद डबी. त्या आवाजातूनच काढलेला एक लांबलचक आकडा त्या डबीची ओळख. आवाज तोच असेल तर आकडा तोच येणार, तसूभर बदलला तर आकडाही बदलणार. आणि डबीलाच चिकटलेली एक चिठ्ठी, आत काय आहे ते सांगणारी. डबी कुठल्या यंत्रावर, कुठल्या इमारतीत ठेवायची ते साठवण स्वतःच ठरवते.

"म्हणजे कुठंय ते मला कळणारच नाही?" काकूंनी विचारलं.

"कळून काय करायचंय, मॅडम? मागितलं की मिळतं."

काकूंच्या यजमानांचं केंद्रासमोर केशकर्तनालय आहे. ते त्या रात्री जेवताना म्हणाले, "मला तर पटलं बुवा. या घरात मी तेच करतो. टॉवेल कुठंय ते मला आजवर कळलेलं नाही. मागितला की मिळतो."

"आणि नाही मागितला तर ओले फिरता," काकू म्हणाल्या. पण त्यानंतर त्यांनी विरोध केला नाही. हलवण्याआधी सुनेनं एकच प्रश्न विचारला होता. कप्पे तर आता राहणार नाहीत, तेव्हा आवाजांची नावं त्या-त्या आवाजाच्या फाइलमध्ये आहेत ना? काकू म्हणाल्या, "आहेत की." आवाज हलले, मोजणी जुळली, बातमी विभागानं जुनी डिस्क नेली आणि पुसली.

काकूंच्या निवृत्तीचा महिना लागला आणि वरच्या मजल्यावरून नाट्यविभागाचे दिग्दर्शक खाली आले.

केंद्राची एक श्राव्यमालिका होती. एका घराची गोष्ट, रविवारी संध्याकाळी लागायची. ती बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. तिचा प्रत्येक भाग एका दाराच्या कुरकुरीनं सुरू व्हायचा. लांब, आळोखेपिळोखे देत उघडणारं दार. लोक भांडी घासता घासता हात थांबवायचे. काकूंनी त्या मालिकेसाठी पहिल्या भागापासून शेवटच्या भागापर्यंत ते दार उघडलं होतं. आता मालिका पुन्हा सुरू होणार होती, पहिला भाग येत्या रविवारी, थेट प्रसारण. काकूंच्या नोकरीतला तो शेवटचा रविवार. पहिल्या भागाचं दार त्याच उघडणार, असं दिग्दर्शकांनी आधीच ठरवून टाकलं होतं.

"दार तयार आहे ना, काकू?"

"माझ्या संग्रहातून आजवर काही हरवलंय का?"

"नाही. म्हणूनच विचारतोय. त्या दारावाचून मी सुरू करणार नाही. दुसरं कुठलंही दार लावलं तर लोक म्हणतील, घर बदललं."

काकूंनी सुनेकडे दार मागितलं. सुनेनं साठवणीकडे मागितलं. साठवणीनं काही दारं दिली, सगळी अलीकडची. ते दार त्यांत नव्हतं.

तासाभरानं दोघींना काय झालं ते कळलं. नव्या आवाजांच्या फाइलमध्ये नावं होती. फितींवरून आलेल्या जुन्या आवाजांच्या फाइलमध्ये फक्त एक, दोन, तीन असे आकडे होते. त्यांची ओळख म्हणजे ते कुठल्या कप्प्यात आहेत, एवढीच. कप्पे गेले आणि ओळखही गेली. हजारो डब्या सुखरूप होत्या आणि एकाही डबीवर चिठ्ठी नव्हती.

"तुम्हाला आठवत नाही, ते दार काय नावानं होतं?" सुनेनं विचारलं. मॅडम म्हणायचं ती विसरली होती.

"चौथा कप्पा, सातवा आवाज," काकू म्हणाल्या.

"ते नाव नाही, आई. तो पत्ता आहे."

"मला पत्ताच लागायचा. हात आपोआप जायचा." काकू खुर्चीत बसल्या. "मीच म्हटलं ना तुला, नावं आहेत म्हणून."

"मीही उघडून बघायला हवं होतं."

"ते घरी गेल्यावर भांडू. आधी दार शोध."

सुनेनं एक उपाय केला. सारखे वाटणारे आवाज एकत्र करणारा एक प्रोग्राम लावला आणि लाकडी, बिजागरीचे, कुरकुरणारे असे सगळे आवाज बाजूला काढले. पुढचे दोन दिवस तिघं हेडफोन लावून दारं ऐकत बसले. दिग्दर्शकांचे कान तयार, आणि नकार त्याहून तयार.

"हे शेजाऱ्याचं दार आहे. आपलं नाही."

पुढचं.

"हे दार नाही, कपाट आहे. आत कोणी लपलेलंही नाही."

पुढचं.

"या दाराला तेल घातलंय. तेल घातलेल्या दाराकडून मला काही ऐकायचं नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी दारं संपली. हवं ते दार त्यांत नव्हतं. दिग्दर्शकांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "शनिवारी दुपारपर्यंत बघू. नाही मिळालं तर सुरुवात पुढच्या महिन्यात ढकलतो."

पुढच्या महिन्यात काकू केंद्रात नसणार होत्या. सुनेनं चहा मागवला.

चहा पिताना सून म्हणाली, "जुन्या डिस्कांतली एकही राहिली नाही का हो? कप्पे असलेली?"

"सगळ्या बातमीवाल्यांनी नेल्या. पुसल्याही."

"सगळ्या?"

काकूंनी कप खाली ठेवला. मग त्या उठल्या आणि कपाटाच्या सगळ्यात खालच्या खणातून पावाच्या लादीएवढा डबा काढून टेबलावर आणला. पहिली डिस्क. फिती उतरवल्या होत्या ती. बातमी विभागानं ती दोनदा नेली होती आणि दोन्ही वेळा परत आणून दिली होती. त्यांच्याकडे ती जोडायला केबलच नव्हती, आणि जोडता येत नाही म्हणून पुसताही आली नव्हती.

"म्हणजे कुणाला जोडता आली नाही म्हणून ती वाचली," सून म्हणाली.

"असंच असतं. आमच्या एका मावशीचं लग्न कुणाशी जुळलं नाही. ती आज जग फिरतेय."

कपाटातून मनगटाएवढी जाड केबल निघाली. ती लागणारं जुनं यंत्र काकूंच्या टेबलाखाली होतं, त्या त्यावर पाय ठेवून बसायच्या. यंत्र सुरू झालं, पंखा खरखरला, डिस्क गुरगुरली आणि पडद्यावर काहीच आलं नाही.

"बूच," काकू म्हणाल्या.

ही जुनी तऱ्हा सुनेला माहीत नव्हती. काकूंनी सांगितली. स्कझी म्हणायचे तिला. एकाच तारेवर एकापुढे एक अशी यंत्रं जोडायची, माळेसारखी, आणि माळेच्या टोकाला एक बूच लावायचं. बूच नसेल तर निरोप टोकाला आपटून मागे फिरतो, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या निरोपांचा गलका होतो. कुणालाच काही ऐकू येत नाही.

"आपल्या घरासारखं," सून म्हणाली. "बूच कुठंय?"

कपाटात नव्हतं. काकूंनी सगळे खण उपसले. वेगवेगळ्या केबलींचा जमिनीवर ढीग झाला. शेवटी त्या जमिनीवरच बसल्या आणि विचार करू लागल्या. मग त्यांनी समोरच्या दुकानात फोन लावला.

"अहो, तुमच्या दुकानातला बाक डुगडुगायचा ना?"

"आता नाही डुगडुगत. मी पायाखाली काहीतरी सरकवलंय."

"काय सरकवलंय?"

"ते तूच दिलं होतंस. मी म्हटलं, एखादा लाकडाचा तुकडा आहे का. तू पर्समध्ये हात घातलास आणि हे दिलंस. वर म्हणालीस, आता याचं काही काम नाही."

काकूंनी डोळे मिटले. "घेऊन या."

"गिऱ्हाईक बसलंय बाकावर."

"त्यांना उठवा."

यजमान बूच घेऊन आले. अंगावर दुकानातला पांढरा कोट, खांद्यावर टॉवेल. त्यांच्यामागोमाग अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईकही आलं, हा काय प्रकार आहे ते बघायला. काकूंनी बुचाच्या पिना तपासल्या, तीन वाकल्या होत्या. भुवयांच्या चिमट्यानं त्या सरळ केल्या आणि बूच डब्याच्या मागच्या भोकात बसवलं. यंत्र पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर कप्पे उमटले. एकाखाली एक, नावांसकट. पाऊस व पाणी. पावले. जनावरे. चौथा: लोखंडी वस्तू.

"दार लोखंडी वस्तूंत?" सून म्हणाली.

"बिजागरी लोखंडाचीच असते की," काकू म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांना हे कधी खटकलं नव्हतं. हे कप्पे फितींच्या काळात त्यांच्या आधीच्या ध्वनिमुद्रकांनी लावले होते, आणि त्यांचं काम चोख होतं. काकूंनी सातवा आवाज लावला.

कुरकुर सुरू झाली. लांब, आळसावलेली, मध्येच अडखळून पुन्हा पुढे सरकणारी. दिग्दर्शक जिन्यात होते. खाली येता येता ते पायरीवरच थांबले. "हेच," ते म्हणाले.

काकूंचा हात सवयीनं आवाज कमी-जास्त करायच्या फेडरकडे गेला, पण तिथे फेडर नव्हता. प्रसारणात त्या कुरकुर संपताच आवाज बंद करायच्या. आज तो पुढे चालू राहिला आणि शेवटी एक आवाज आला. खट.

"पुन्हा लाव," यजमान म्हणाले.

"काय झालं?"

"लाव तर."

पुन्हा कुरकुर. पुन्हा खट. यजमानांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, हातात घेतला आणि म्हणाले, "हे दार नाही. ही माझी खुर्ची आहे."

अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक म्हणालं, "त्या खुर्चीतूनच मी आत्ता उठून आलोय."

मग यजमानांनी सांगितलं. काकूंच्या आधीचे ध्वनिमुद्रक त्यांच्याकडे दाढीला यायचे. एकदा ते ध्वनिमुद्रणाची पेटी घेऊन आले आणि म्हणाले, खुर्ची हळूहळू मागे पाड, अगदी हळू, आणि बोलू नकोस. यजमानांनी पाडली. पूर्ण मागे गेली की दांडा खाचेत बसतो, खट. ध्वनिमुद्रकांनी कशासाठी ते सांगितलं नाही, यजमानांनी विचारलं नाही. पुढे खुर्चीला तेल घातलं आणि ती कुरकुरायची थांबली. मालिका त्यांनी प्रत्येक रविवारी ऐकली होती. पण रेडिओवर ती कुरकुर खट व्हायच्या आत थांबायची, आणि खटशिवाय खुर्ची ओळखायची कशी?

"आपलं लग्न व्हायच्या आधीची गोष्ट," ते काकूंना म्हणाले.

"म्हणजे मी लग्नाआधीपासून तुमची खुर्ची वाजवतेय."

"आणि एकदाही कळवलं नाहीस."

दिग्दर्शक खाली येऊन बसले होते. त्या घरात कोण राहतं, कोण रुसून निघून गेलं, कोण परत आलं, हे सगळं त्यांनी त्या दारामागे उभं केलं होतं. ते बराच वेळ हसत होते. "म्हणूनच सगळी खरी दारं मला खोटी वाटत होती," ते म्हणाले.

पुढचं काम सुनेचं होतं आणि ते शांतपणे झालं. जुन्या यंत्राला नेटवर्कची तार जोडता येत होती. डिस्कवरचा प्रत्येक आवाज घ्यायचा, त्यातून आकडा काढायचा, साठवणीत तोच आकडा शोधायचा. तोच आवाज, तोच आकडा. जुळला की डिस्कवरचं कप्प्याचं नाव आणि त्यातला आकडा त्या डबीला चिठ्ठी म्हणून चिकटवायचा. शनिवारी दुपारी दिग्दर्शक काम कुठवर आलं ते बघायला आले तेव्हा बाळाला आपलं रडणं मिळालं होतं, कुत्र्याला आपलं भुंकणं. सुनेच्या प्रोग्रामनं ते दार यंत्रांच्या आवाजांत ठेवलं होतं, लिफ्ट आणि छापखान्याच्या मध्ये.

"प्रोग्रामला कळलं होतं तर," यजमान म्हणाले. "तुम्हालाच कळलं नाही."

त्या एका डबीची चिठ्ठी सासू-सुनेनं मिळून लिहिली. सून लिहीत होती, काकू सांगत होत्या.

"वस्तू: केशकर्तनालयाची खुर्ची, मागे पडताना. वापर: दार."

"दोन्ही लिहू?"

"दोन्ही. उद्या कुणी खुर्ची मागितली तरी मिळायला हवी. आणि लिही, शेवटी खट आहे, त्याआधी फेडर बंद करावा."

सुनेनं लिहिलं. मग विचारलं, "कुठं ठेवलंय ते नाही विचारणार?"

"कुठं का असेना. मागितलं की येतंय ना?"

रविवारी संध्याकाळी स्टुडिओत नट आपापल्या जागी उभे राहिले. समोर रस्त्यापलीकडे दुकान उघडं होतं, एरवी रविवारी बंद असतं. बाकावर, खुर्चीत आणि दारात माणसं रेडिओ ऐकायला बसली होती. बाक डुगडुगत होता, कारण बूच परत मिळालेलं नव्हतं. काकूंनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं.

लाल दिवा लागायच्या आधी काकू फेडरसमोरच्या खुर्चीतून उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "बस."

"आई, हे तुमचं आहे. शेवटचं."

"मॅडम म्हण. बस तू, मी शेजारी उभी राहते."

दिवा लागला. सुनेनं दार मागितलं आणि दार आलं. कुरकुर घरोघरी गेली, लांब, आळसावलेली, अडखळून पुढे सरकणारी. ती संपत आली तसा सुनेचा हात फेडरवर सरकला. काकूंनी त्या हातावर आपला हात ठेवला आणि दाबून धरला.

खट.

काचेपलीकडे दिग्दर्शकांनी भुवया उंचावल्या, पण नटांनी बोलायला सुरुवात केली होती. समोरच्या दुकानातून टाळ्यांचा आवाज आला. काचेची खोली बंद असते, तरी आला.

सोमवारी केंद्रात श्रोत्यांचे फोन आले. मालिका परत आल्याचा आनंद जवळजवळ सगळ्यांनी कळवला. एका बाईंनी मात्र वेगळंच विचारलं. दार तेच आहे ना, त्याबद्दल त्यांना शंका नव्हती. त्यांना फक्त एवढंच जाणून घ्यायचं होतं, की मधल्या काळात त्या घरच्यांनी दाराला नवी कडी बसवली का. फोन सुनेनं घेतला होता. ती म्हणाली, "थांबा, मॅडमना विचारून सांगते," आणि फोन काकूंच्या हातात दिला.

"कडी जुनीच आहे," काकू म्हणाल्या. "आम्ही आता ती पूर्ण ऐकवतो."